इंजिनाची ऊब, विकतचा गारवा

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डखालून एसीची पेटी बाहेर आली की सगळ्यात आधी तिचा वास येतो. ओल्या धुळीचा, कुजलेल्या पानांचा आणि जुन्या रबराचा मिळून एकच वास. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या गॅरेजांमधल्या मिस्त्रींना तो चांगलाच परिचयाचा आहे. क्लिपा काढून पेटीचे दोन भाग अलग केले की सांध्यांवरच्या फोमचा बोट लागताच भुगा होतो. कूलिंग कॉइलच्या पातळ पात्यांमध्ये तीस-चाळीस पावसाळ्यांचा चिखल बसलेला असतो. त्यात पिंपळाचे एखादे पान सापडते, कधी उंदराने जमवलेल्या चिंध्या. त्या कॉइलच्या मागे काळवंडलेली दुसरी, लहानशी जाळी असते. तिच्यातून पाणी सोडून पाहिले की बहुतेक वेळा ती अजून धड निघते. ही हीटरची जाळी.

इथे मालकाला ठरवावे लागते. कॉइल, कंप्रेसर, कंडेन्सर, पाइप असे सगळे नवे करून एसी पुन्हा जिवंत करायचा, की गारव्याचा सगळा संसार उतरवून पेटी फक्त हीटरसाठी ठेवायची? थंड देशांतले जुन्या गाड्यांचे शौकीन दुसरा पर्याय सहज घेतात. पुण्याच्या मुलखात मात्र तो ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात. एप्रिलमध्ये जिथे पारा चाळिशीला टेकतो, तिथे एसी काढून हीटर ठेवणारा माणूस कोण? आणि या गावात हीटर मुळात आलाच कशाला?

त्याचे उत्तर त्या पेटीच्या इतिहासात आहे. तो इतिहास अमेरिकेत आणि युरोपात सुरू होतो, मुंबईमार्गे पिंपरीत येतो आणि आज चाकणच्या कारखान्यांत रोज घडतो.

पेटीचे काम समजायला अवघड नाही. पेट्रोल किंवा डिझेल जळून जी शक्ती निघते, तिच्यातला जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. हीटर म्हणजे याच टाकाऊ उष्णतेतला थोडा वाटा. ऐंशी-नव्वद अंशांचे गरम पाणी इंजिनातून एका छोट्या जाळीत यायचे, ब्लोअरने तिच्यावरून हवा सोडायची, की झाले. त्यासाठी वेगळे इंधन लागत नाही. गारव्याची गोष्ट उलटी आहे. त्याला इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कंप्रेसर लागतो, वायू लागतो, तो दाबला जाऊन तापल्यावर थंड करायला पुढे कंडेन्सर लागतो आणि पेटीत कूलिंग कॉइल लागते. इंजिनाची ताकद त्यात खर्ची पडते. ऊब इंजिनाकडून फुकट मिळते, गारवा विकत घ्यावा लागतो.

तरीही ही फुकटची ऊबसुद्धा मोटारींत उशिराच आली. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या दशकापर्यंत अनेक साध्या गाड्यांना हीटर वेगळे पैसे देऊन बसवून घ्यावा लागे. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३८मध्ये बाहेरची ताजी हवा गाळून, गरम करून आत सोडणारी ‘वेदर आय’ नावाची व्यवस्था आणली. पुढच्याच वर्षी, १९३९च्या नोव्हेंबरात, पॅकार्डने शिकागोच्या प्रदर्शनात कारखान्यातूनच एसी बसवून येणारी मोटार मांडली. तिची कूलिंग कॉइल मागे, सामानाच्या डिकीच्या बाजूला होती. कंप्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचे आणि पट्टा हाताने उतरवायचा. दोन वर्षांत पॅकार्डने ती सोय बंद केली.

दोन्ही जाळ्या एका ठिकाणी आल्या त्या १९५४मध्ये. त्या वर्षी नॅशने ॲम्बॅसॅडर गाडीत हीटर, ताजी हवा आणि एसी हे तिन्ही पुढच्या बाजूला एकाच व्यवस्थेत बसवले. डॅशबोर्डमागे एकच पेटी, तिच्यात गरम आणि गार अशा दोन जाळ्या, आणि हवा कुठून किती जाईल हे ठरवणारे फ्लॅप. आज चाकणमधून बाहेर पडणाऱ्या मोटारींची पेटी याच कल्पनेवर उभी आहे.

आपल्याकडे या पेटीआधी नुसती हवा आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने गाड्या तयार होऊ लागल्या. पन्नाशीच्या दशकात तिथे फियाट आल्या आणि फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. पद्मिनीत बसलेल्या माणसाला पुढच्या दारांच्या काचेतली ती छोटी त्रिकोणी खिडकी आठवत असेलच. ती फिरवून नेमक्या कोनात धरली की वाऱ्याचा झोत थेट चेहऱ्यावर येई. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांनी कित्येक दशके याच वाऱ्यावर काढली.

पिंपरी-चिंचवडची गोष्ट वेगळी. हा पट्टा आधी मोठ्या गाड्यांचा. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच दशकात सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचा (आजच्या टाटा मोटर्सचा) पुण्याचा कारखाना उभा राहिला. आकुर्डीत बजाज टेम्पोच्या गाड्या बनू लागल्या. मालट्रक आणि मॅटाडोर यांच्या केबिनमध्ये उष्णतेला तोटा नव्हता. मॅटाडोरचे इंजिन चालक आणि शेजाऱ्याच्या मधोमध, झाकणाखाली असे. ट्रकमध्येही अनेक बनावटींत इंजिनाचा उंचवटा केबिनमध्येच यायचा. त्यावर चादर किंवा टॉवेल टाकून क्लीनर बसायचा, रात्री तिथेच आडवा व्हायचा. पौषातल्या रात्री नाशिकच्या रस्त्याला त्या झाकणाची ऊब हवीहवीशी वाटे. वैशाखात तेच झाकण गुडघा भाजून काढी. ट्रकला वेगळ्या हीटरची गरज कुणाला भासली नाही. गारव्याचा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण ट्रकवाल्याला गारवा द्यायचा असतो असे त्या काळात कुणाच्या मनातही नव्हते.

पुण्यात हीटर कशाला, या प्रश्नाची उत्तरे मात्र याच काळातल्या चालवणाऱ्यांकडे होती. थंडी हे त्यातले सर्वांत लहान उत्तर. पुण्याचे आजवर नोंदलेले नीचांकी तापमान १.७ अंश सेल्सिअस आहे, तेही १७ जानेवारी १९३५चे. अशी सकाळ पिढ्यांतून एकदा येते. खरी उत्तरे दोन होती, घाट आणि पाऊस.

बोरघाटात भरलेली जुनी मोटार दुसऱ्या गिअरवर चढायला लागली की तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायचा. घाटमाथ्यावर बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या आणि रेडिएटरवर ओतायच्या पाण्याचे डबे हे त्या रस्त्याचे नेहमीचे दृश्य. एसी असलेल्या गाडीचा चालक घाट लागताच आधी एसी बंद करायचा. हीटर असलेल्या गाडीचा अनुभवी चालक त्याच्याही पुढे जाई. काचा खाली घेऊन तो हीटर पूर्ण उघडी आणि ब्लोअर जोरात लावी. हीटरची जाळी म्हणजे इंजिनाचा दुसरा, छोटा रेडिएटर. केबिनमध्ये भट्टी होई, पण काटा दोन रेघा मागे येई आणि गाडी अमृतांजन पुलाखालून न थांबता वर निघे. १८३०मध्ये बांधलेला तो पूल एप्रिल २०२०मध्ये पाडला गेला. घाटात हीटर उघडण्याची युक्ती मात्र अजून जुन्या गाड्यांच्या मालकांकडून नव्या मालकांकडे जाते आणि ती आजही लागू पडते.

दुसरे उत्तर पावसाचे. आषाढात मळवली ओलांडून लोणावळ्याच्या दिशेने निघाले की काचा आतून धुरकटतात. बाहेर गार पाऊस, आत चार माणसांचे श्वास आणि ओले कपडे. हीटर नसलेल्या गाडीत डॅशबोर्डवर फडके असेच, शेजारी बसलेल्याचे काम ते काचेवर फिरवत राहण्याचे. वायपर रुसला तर कुणी काचेवर बाहेरून तंबाखू चोळी, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने साचत नसे. हीटरची गरम हवा काचेवर सोडली की काच तापते आणि धुके उडते. एसी तेच काम वेगळ्या मार्गाने करतो. थंड कॉइलवर हवेतले बाष्प पाणी होऊन गळून जाते आणि कोरडी हवा काचेला लागते. दोन्ही एकत्र चालवले तर काच क्षणात लख्ख होते. पेटीतून एसी काढणाऱ्याचे सगळ्यात मोठे नुकसान हेच, की ही कोरडी हवा जाते. उन्हाळ्यात काचा खाली करून भागते, जुलैतल्या ताम्हिणी घाटात भागत नाही.

ऐंशीच्या दशकात चित्र बदलू लागले. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि थोड्याच काळात तिची एसीवाली आवृत्तीही दिसू लागली. १९८५मध्ये सुझुकी आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या भागीदारीत सुब्रोस ही कंपनी नोएडात मोटारींचे एसी बनवण्यासाठी उभी राहिली. त्याच सुमारास प्रीमियरने ११८ एनई आणली. तिचा सांगाडा १९६६च्या इटालियन फियाट १२४च्या घराण्यातला, इंजिन निसानचे आणि एसीची सोय. पुण्याकडून १९९१मध्ये टाटा सिएरा आली, एसी आणि पॉवर विंडो घेऊन. बंद काचांची गाडी म्हणजे एसी गाडी, आणि एसी गाडी म्हणजे मोठा माणूस, असे समीकरण त्या दशकात रूढ झाले. लग्नाच्या वरातीसाठी गाडी ठरवतानाही ‘एसी आहे ना?’ हा प्रश्न पहिला.

१९९५मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीज-बेंझची पहिली भारतीय ई-क्लास जुळवली गेली. गरम आणि गार दोन्ही वाऱ्यांची पूर्ण व्यवस्था असलेली ही गाडी. आज त्या पिढीच्या गाड्या हौसेने सांभाळल्या जातात, आणि त्यांची कूलिंग कॉइल बदलणे ही कोणत्याही एसी मिस्त्रीच्या धीराची परीक्षा असते. कॉइलपर्यंत पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, स्टीअरिंगपासून शेवटच्या वायरीपर्यंत. दोन दिवस सुटे करायचे आणि दोन दिवस जोडायचे.

२००९मध्ये मर्सिडीज चाकणला आली, त्याच वर्षी ३१ मार्चला फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. बजाजने दुचाकींसाठी १९९९मध्येच तिथे पाऊल टाकले होते, आणि २०१०मध्ये महिंद्राचा कारखाना आला. तोवर चाकण म्हटले की लोकांना दोन गोष्टी आठवत, कांदा-बटाट्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग, जिथे १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाच्या फौजेपुढे जवळपास दोन महिने किल्ला लढवला. आता निघोजे, महाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडी ही गावे वेगळ्या उत्पादनासाठी ओळखली जातात. पुणे-नाशिक रस्त्यावर कुरुळीत आनंद समूह आणि जर्मनीची बेहर यांनी मोटारींच्या रेडिएटर-एसीचा कारखाना काढला. २०१३मध्ये बेहर माले या जर्मन समूहाकडे गेली. सुब्रोसही चाकण परिसरात आली. कूलिंग कॉइल, हीटरची जाळी आणि ब्लोअर एकत्र बसवलेली प्लॅस्टिकची पेटी इथे शेकड्यांनी तयार होते. पॅकार्डचा हाताने काढायचा पट्टा आणि कुरुळीची पेटी यांच्यात कित्येक दशकांचे अंतर आहे.

मग जुन्या गाडीचा एसी इतका सहजी का मरतो आणि हीटर का टिकतो? कारण गारव्याच्या मागे रसायन आहे, आणि रसायनाच्या मागे कायदा. १९३०च्या सुमारास जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतून आलेला आर-१२ हा वायू विषारी नव्हता, पेटत नव्हता, म्हणून सगळ्या मोटारींनी तो घेतला. पुढे तो ओझोनचा थर खातो हे कळले. १६ सप्टेंबर १९८७ला माँट्रियलचा करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २०००च्या नियमांनुसार १ जानेवारी २००३पासून असा वायू वापरणारी नवी उपकरणे बनवायला देशात बंदी आली. त्याच्या जागी आर-१३४ए आला. त्याने ओझोनला धोका नाही, पण तो हवामान तापवतो. कार्बन डाय-ऑक्साइडच्या मानाने सुमारे १४३० पट, आणि जुना आर-१२ त्याहून कितीतरी अधिक. म्हणून २०१६च्या किगाली करारानंतर आता त्यालाही निवृत्तीची वाट दाखवली जात आहे.

जुन्या गाडीच्या मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा. १९८६ची गाडी आर-१२वर बांधलेली असते. नवा वायू भरायचा तर तेल बदला, रबरी ओ-रिंग बदला, वायूतला ओलावा शोषणारा ड्रायर बदला, आणि इतके करूनही मूळचा गारवा येतोच असे नाही. खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. अशा गाडीत निकामी कंप्रेसर वर्षानुवर्षे नुसते वजन म्हणून फिरतो. त्या काळातल्या काही अमेरिकी गाड्यांचा कंप्रेसर तर एकटाच पंधरा किलोच्या आसपास भरतो. इथे ‘फक्त हीटर’ हा निर्णय शहाणपणाचा ठरतो, पण तो नीट राबवला तरच.

नीट म्हणजे कसे, हे पाहण्यासारखे आहे. उरलेला वायू हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यायचा. कंप्रेसर काढला की त्याच्या पट्ट्याचे काय, ते पाहायचे. काही इंजिनांत तो पट्टा स्वतंत्र असतो, काहींत तोच पाण्याचा पंपही फिरवतो, मग लहान पट्टा किंवा मध्ये एक मोकळी पुली बसवावी लागते. कंडेन्सर निघाला की रेडिएटरला थेट वारा लागतो, इंजिन घाटात आणखी थंड राहते. पेटीतून कॉइल आणि तिच्या तोंडाशी वायूचा दाब सोडणारा एक्स्पान्शन वॉल्व्ह काढल्यावर खरी कसोटी लागते. कॉइलने पेटीचे अर्धे पोट अडवलेले होते. ती जागा रिकामी राहिली तर हवा हीटरला वळसा घालून निघून जाते आणि गरमी येतच नाही. म्हणून पातळ पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा मार्ग घडवून हवेला जाळीवरूनच जायला भाग पाडावे लागते. फ्लॅपच्या कडांना नवा फोम लावायचा. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला एसीच्या पाइपांसाठी पडलेली दोन भोके पट्टी आणि रबराने पक्की बुजवायची, नाहीतर इंजिनाचा धूर आत येतो आणि तो जिवावर बेतू शकतो. पाणी गळायची नळी मात्र आपल्या मुलखात बंद करू नये. काचेखालच्या जाळीतून पावसाचे पाणी पेटीत येते, त्याला वाट लागते.

शेवटी हीटरची जाळी. इथल्या अनेक गाड्यांनी आयुष्यभर रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी प्यायलेले असते. त्याने जाळीच्या नळ्यांत चुना धरतो. दोन्ही बाजूंनी पाणी उलटसुलट सोडून ती साफ करायची, नवे होज लावायचे आणि यापुढे कूलंटच भरायचे. मग गाडी सुरू करून होजला हात लावून पाहायचे. दोन्ही नळ्या सारख्या गरम लागल्या की काम फत्ते.

मूळपणाची ओढही या निर्णयामागे असते. १५ जुलै २०२१ला केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. मूळ रूपात जपलेल्या, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल न केलेल्या गाड्यांना नव्या नोंदणीत ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. त्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. साठच्या दशकातल्या ज्या गाड्यांना कुणीतरी सत्तरीत किंवा ऐंशीत डॅशबोर्डखाली एसीचा डबा लटकवला, त्यांचे मालक आता तो उतरवतात आणि कारखान्यातून आलेली साधी हीटरची पेटी शोधून बसवतात.

याच काळात गारव्याचा हक्क मात्र उलट दिशेने, वरून खाली सरकला. आधी मालकाच्या गाडीत, मग मुंबईच्या निळ्या-रुपेरी कूल कॅबमध्ये. एप्रिल २०१७मध्ये लष्कराने पुण्याच्या टाटा सफारी स्टॉर्मची ३,१९२ गाड्यांची मागणी दिली, आणि त्या वर्गातल्या गाडीला एसी हवाच अशी अट होती. शेवटी पाळी आली ट्रकची. डिसेंबर २०२३च्या अधिसूचनेनंतर २०२५पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. नुसती चॅसिस विकली तरी तिच्यासोबत प्रमाणित एसीचा संच द्यावा लागतो. इंजिनाच्या झाकणावर टॉवेल टाकून झोपणाऱ्या क्लीनरपासून इथवर यायला पिंपरीला साठ वर्षे लागली. ती कमी व्हायला हवी होती.

आणि आता ऊबही विकत घ्यावी लागणार आहे. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्या चाकणमध्ये बनतात. विजेच्या मोटरमधून वाया जाणारी उष्णता इतकी थोडी असते, की तिच्यावर केबिन गरम होत नाही. म्हणून अशा गाड्यांत हवा गरम करायला विजेचाच हीटर किंवा हीट पंप लागतो आणि त्याची वीज बॅटरीतून येते. गारव्यासाठी जो हिशेब होता, तोच आता उबेसाठीही करावा लागतो. लडाखला निघालेला चालक पाऊण बॅटरीवर हीटर किती चालवायचा याचे गणित मांडतो.

गॅरेजात जुन्या गाडीची पेटी परत बसते. काढलेली कॉइल, वॉल्व्ह आणि फ्लॅपची तार मात्र चांगला मिस्त्री भंगारात टाकत नाही. कॉइल साफ करून, तिची तोंडे चिकटपट्टीने बंद करून, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर गाडीचे नाव आणि साल लिहून मालकाच्या हाती देतो. ती पुडी घराच्या माळ्यावर जाते, गाडीचा पुढचा मालक एसी परत मागेल या हिशेबाने. गाडी बाहेर निघते. पहिल्या पावसात, कामशेतपाशी, काचेवर धुके धरू लागते. मालक हीटरचा दांडा सरकवतो, ब्लोअर लावतो आणि काचेच्या तळापासून एक स्वच्छ कमान हळूहळू वर चढू लागते.